गज आणि तबकडी

न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम नावाच्या वस्तीत, एकशेपंचविसाव्या रस्त्यावर, अपोलो नावाचे एक जुने नाट्यगृह आहे. १९३४ साली तेथे हौशी कलावंतांच्या स्पर्धा सुरू झाल्या. या स्पर्धांचा खरा परीक्षक म्हणजे समोर बसलेला प्रेक्षक. आणि हा प्रेक्षक मोठा खट्याळ व तितकाच कडक. कला पसंत पडली तर टाळ्यांनी छप्पर हादरून जाईल. न पडली तर अशी हुर्यो उडेल की, कलावंताला आपले गाणे अर्ध्यावर टाकून आत पळावे लागेल. रंगमंचाच्या कडेला एका जुन्या झाडाच्या खोडाचा तुकडा ठेवलेला आहे. त्यावरून हात फिरवून पुढे गेले की यश येते, अशी कलावंतांची समजूत! त्याच १९३४ साली एला फिट्झजेराल्ड नावाची सतरा वर्षांची एक गरीब मुलगी तेथे नाचावयास म्हणून आली, ऐन वेळी धीर खचला म्हणून नाचण्याऐवजी गायली, आणि पुढे तिचे नाव जगभर झाले.

याच रंगमंचावर, २००४-०५ च्या सुमारास, दोन कृष्णवर्णीय तरुण येऊन उभे राहिले. एकाच्या हातात व्हायोलिन होते. दुसऱ्याच्या हातात व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणता येईल असा व्हायोला होता. अपोलोच्या प्रेक्षकांना गायकांची सवय, नर्तकांची सवय, विनोदी नटांची सवय, व्हायोलिनची नव्हे. त्यातही व्हायोलिन घेतलेला तो तरुण अंगापिंडाने असा धिप्पाड की, त्या खांद्यावर ते नाजूक वाद्य खेळण्यासारखे दिसावे. व्हायोलिन म्हटले की, काळा झगा किंवा कोट घातलेली गंभीर माणसे आणि निःशब्द बसलेले श्रोते, असेच चित्र लोकांच्या मनात असते. पण येथे मागून ड्रमचा घनगंभीर ठोका सुरू झाला, दोघांचे गज एकदम तारांवर उतरले, आणि जी चाल रोज मोटारीतून व रस्त्यावरच्या रेडिओतून ऐकू येई त्या धाटणीची चाल तारांतून निघू लागली. हुर्यो झाली नाही. उलट २००५ साली 'अपोलो लेजंड' हा मान या दोघांनी पटकावला.

त्यांची नावे केव्ह मार्कस आणि विल बाप्टिस्ट. त्यांच्या जोडीचे नाव 'ब्लॅक व्हायोलिन', म्हणजे काळे व्हायोलिन. त्यांनी एकत्र आणलेली दोन घराणी एकमेकांपासून किती दूरची होती, हे कळल्यावाचून त्यांच्या धाडसाचे मोल ध्यानात यावयाचे नाही.

पहिले घराणे युरोपातले. सोळाव्या शतकात इटलीतील क्रेमोना या गावी आंद्रेआ आमाती या कारागिराने व्हायोलिनला जो घाट दिला, तो अजूनही फारसा बदललेला नाही. देवदाराच्या जातीच्या हलक्या लाकडाची वरची फळी, मॅपलच्या लाकडाची पाठ, चार तारा, एक घोडी आणि घोड्याच्या शेपटीच्या केसांचा गज. केसांना राळ लावली म्हणजे ते तारेला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि या चिकटण्यासुटण्यातूनच तो अखंड सूर जन्माला येतो. त्याच गावच्या स्ट्राडिव्हारीने (१६४४–१७३७) घडविलेली व्हायोलिने आज लाखो डॉलरांना विकली जातात. हे वाद्य राजेरजवाड्यांच्या महालांत वाजले, चर्चमध्ये वाजले, मग भव्य सभागृहांत वाजले. त्याच्यासाठी थोर रचनाकारांनी स्वरलिपीत रचना लिहून ठेवल्या. जर्मनीतील योहान सेबास्टिअन बाख याने १७२१ साली ब्रॅंडेनबर्गच्या एका सरदाराला सहा रचना अर्पण केल्या. त्यांतील तिसरी तर केवळ तंतुवाद्यांच्या बळावर उभी आहे : तीन व्हायोलिने, तीन व्हायोला, तीन चेलो, आणि त्यांना खालून आधार देणारे खर्जाचे वाद्य व हार्पसिकॉर्ड. अशा रचना वाजवावयाच्या तर मूल सहासात वर्षांचे असल्यापासून रोज तासन् तास रियाज करावा लागतो. लिहिलेला स्वर जसाच्या तसा उमटला पाहिजे, अशी त्या घराण्याची शिस्त. ती शिस्त कडक आहे यात शंका नाही. पण तिच्यावाचून बाखचे संगीत तीनशे वर्षे टिकले नसते, हेही खरे.

दुसरे घराणे अगदी अलीकडचे, आणि त्याचा जन्म महालात नव्हे तर एका चाळवजा इमारतीच्या तळमजल्यावर झाला. न्यूयॉर्कच्या उत्तरेला ब्रॉंक्स नावाचा भाग आहे. १९७० नंतरच्या दशकात या भागाची दैन्यावस्था झाली होती. कारखाने बंद पडले होते, घरांना आगी लागत होत्या, तरुणांना काम नव्हते. १९७५ च्या सुमारास शहराची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा शाळांतील संगीतशिक्षकांवरही कुऱ्हाड कोसळली. वाद्य विकत घेण्याची ऐपत नाही, शिकविणारा नाही. मग मुलांनी वाजवावे तरी काय? त्यांनी घरातला रेकॉर्ड प्लेअरच वाजवावयास घेतला!

त्याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक मेजवानी ठरविली. शाळा सुरू व्हावयाच्या होत्या आणि तिला नवे कपडे घ्यावयाचे होते. त्यासाठी चार पैसे मिळावेत एवढाच तिचा हेतू. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असे प्रवेशमूल्य ठेवले होते. तबकड्या लावण्याचे काम तिच्या भावाकडे होते. हा भाऊ क्लाइव्ह मुळचा जमैका बेटातला. लोक त्याला कूल हर्क म्हणत. नाचणाऱ्यांचे निरीक्षण करताना त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. गाण्यात मध्येच एखादी जागा अशी येते की, गायक थांबतो, इतर वाद्ये थांबतात, आणि केवळ ड्रमचा ठेका वाजत राहतो. नाचणारे नेमके त्याच जागेची वाट पाहत असतात. पण ती जागा काही क्षणांतच संपते. हर्कने युक्ती काढली. त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एका तबकडीवरचा ठेका संपत आला की, दुसरीवरचा तोच ठेका सुरू करावयाचा, आणि तोवर पहिली मागे फिरवून ठेवावयाची. काही क्षणांची जागा अशी पाच पाच मिनिटे चालू लागली. तमाशातला ढोलकीवाला लोकांचा रंग पाहून आपला तुकडा वाढवीत नेतो, तसेच हे. फरक एवढाच की, येथे वाजवणारा तेथे हजर नव्हता, त्याचे वाजवणे तेवढे तबकडीत कोरलेले होते.

या ठेक्यावर कोणी यमके जुळवून झपाझप बोलू लागले, त्याला 'रॅप' म्हणू लागले. कोणी तबकडीवर हात ठेवून ती पुढेमागे घासू लागला, त्यातून खरखरीचा एक नवाच बोल निघाला. या साऱ्या पसाऱ्याला 'हिप-हॉप' असे नाव पडले. पुढे जपानमधील रोलंड कंपनीने १९८० साली 'टीआर-८०८' नावाचे तालयंत्र बाजारात आणले. ड्रम न वाजवता, केवळ विजेच्या साहाय्याने ठोके निर्माण करणारे हे यंत्र आरंभी विशेष खपले नाही आणि दोनतीन वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. परंतु ती यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते त्यांच्याच हाती ती पडली. त्यांतून निघणारा खोल, दीर्घकाळ घुमणारा खर्ज हिप-हॉपची ओळखच होऊन बसला.

आता एक चमत्कारिक योगायोग पाहा. १९८२ साली 'प्लॅनेट रॉक' नावाची एक हिप-हॉप ध्वनिमुद्रिका फार गाजली. तीत '८०८' यंत्राचे ठोके आहेत आणि अधूनमधून संपूर्ण वाद्यवृंद एकदम कडाडावा तसा एक आघात ऐकू येतो. हा आघात आला कोठून? स्ट्राविन्स्की या रशियन रचनाकाराचे 'फायरबर्ड' नावाचे नृत्यसंगीत १९१० साली पॅरिसमध्ये प्रथम सादर झाले होते. त्याच्या ध्वनिमुद्रणातला एवढासा तुकडा एका संगणकवाद्यात भरून ठेवलेला होता, आणि बोटाने कळ दाबताच तो वाजे. म्हणजे व्हायोलिनांचे घराणे हिप-हॉपच्या अंगणात पहिल्यापासूनच येऊन गेले होते. पण तुकड्याच्या रूपाने, परक्याच्या तबकडीतून. जिवंत वादक गज हाती घेऊन त्या अंगणात उतरला, तो बऱ्याच काळानंतर.

केव्ह आणि विल हे दोघेही अमेरिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या फ्लोरिडा राज्यातले. केव्ह नऊ वर्षांचा असताना त्याच्या आईला त्याची काळजी वाटू लागली. पोराचे पाऊल वाकडे पडू नये, त्याचे मन कशात तरी गुंतावे, म्हणून तिने त्याला शनिवार सकाळच्या व्हायोलिनवर्गात नेऊन बसविले. शनिवारची सुटी गेली म्हणून त्या वयाच्या मुलाला काय वाटले असेल, हे सांगावयास नकोच! विलची कथा आणखी निराळी. त्याला सॅक्सोफोन शिकावयाचा होता. परंतु त्याचे नाव पडले ते तंतुवाद्यांच्या वर्गात. दोन संगीतशिक्षकांत गोल्फच्या खेळावर पैज लागली आणि जिंकणाऱ्याने हा विद्यार्थी आपल्या वर्गाला मागून घेतला, अशी हकिकत विल सांगत असतो. फोर्ट लॉडरडेल शहरातील डिलर्ड हायस्कूलमध्ये या दोघांची गाठ पडली. त्या शाळेत संगीताचे शिक्षण देणारा चांगला विभाग होता. दिवसा वर्गात बाख आणि मोझार्ट यांच्या रचना गिरवावयाच्या. शाळा सुटली की रस्त्यावर, बसमध्ये, शेजाऱ्याच्या खिडकीतून हिप-हॉप ऐकावयाचे. दोन्ही त्यांना सारखेच आपले वाटे. तेव्हा रेडिओवर ऐकलेली चाल कानाने टिपून ती व्हायोलिनवर उतरविण्याचा खेळ मुलांनी सुरू केला, यात नवल नाही. वर्गमित्र खुश होत. खेळाखेळात बोटांना एक विद्या येत होती, जी स्वरलिपीत लिहिलेली नव्हती.

पुढे शिष्यवृत्त्या मिळवून दोघे दोन विद्यापीठांत गेले. महाविद्यालयात शिकत असताना केव्हला त्याच्या शिक्षकाने एक ध्वनिफीत ऐकावयास दिली. ती होती स्टफ स्मिथ (१९०९–१९६७) या कृष्णवर्णीय जॅझ व्हायोलिनवादकाची. स्मिथचे वाजवणे गुळगुळीत नव्हते. त्याचा गज तारेवर झेप घेई, स्वराला हिसडा देई. व्हायोलिन बोलते आहे, भांडते आहे, हसते आहे असे वाटे. १९३० नंतरच्या दशकातच त्याने आपल्या व्हायोलिनला विजेचा ध्वनिवर्धक जोडला होता. केव्हने तोवर कित्येक वर्षे व्हायोलिन वाजविले होते. परंतु या वाद्यातून असाही आवाज निघू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळले. स्मिथच्या त्या ध्वनिमुद्रिकेचे नाव होते 'ब्लॅक व्हायोलिन'. दोघा मित्रांनी आपल्या जोडीसाठी तेच नाव उचलले.

शिक्षण संपल्यावर मोठा प्रश्न उभा राहिला. व्हायोलिन शिकलेल्या माणसाची राजमान्य वाट एकच : एखाद्या मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळवावयाची. परंतु या वाटेवर त्यांच्यासारखे चेहरे क्वचितच दिसत. अमेरिकेतील वाद्यवृंदांची २०१४ सालची पाहणी प्रसिद्ध आहे. तीत शंभर वादकांत कृष्णवर्णीय दोनदेखील भरले नाहीत. दुसरीकडे हिप-हॉपच्या जगात व्हायोलिन घेऊन जावे, तर तेथेही लोक भुवया उंचावीत. एका घरी रंग आड येई आणि दुसऱ्या घरी वाद्य! या दोघांनी मग रात्रीच्या करमणुकीच्या ठिकाणी, गोंगाटात, ऐकणाऱ्याचे लक्ष नसताना वाजवावयास आरंभ केला. तेथूनच ते अपोलोच्या रंगमंचावर पोहोचले.

दोन संगीते एकत्र वाजविणे वरवर पाहता सोपे वाटते. एकीकडे ठेका लावावा, दुसरीकडे व्हायोलिन वाजवावे, की झाले! परंतु तसे करणाऱ्याची लगेच फजिती होते, आणि तिचे पहिले कारण म्हणजे काळ. वाद्यवृंदात संचालकाच्या छडीबरोबर लय श्वासासारखी किंचित मंदावते, किंचित वाढते. भावना उत्कट झाली की वादक थोडा रेंगाळतो. तालयंत्र मात्र कोणासाठी थांबत नाही. मिनिटाला नव्वद ठोके म्हणजे नव्वदच. वादकाला रेंगाळावयाचे असेल तर ठोक्याच्या आतल्या आत, केसभर मागे राहून, पुढच्या समेला अचूक गाठावे लागते. आपल्याकडे तबल्याचा ठेका सरळ चालू असताना गायक लयीशी लपंडाव खेळून समेवर येतो; त्यातली मौज ज्याला ठाऊक आहे, त्याला ही अवघड कसरत चटकन उमगेल.

दुसरी अडचण आवाजाच्या जागेची. व्हायोलिनची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे १९६ कंपने करते, व्हायोलाची सुमारे १३१. तालयंत्राचा खर्ज याच्या कितीतरी खाली, सेकंदाला पन्नास कंपनांच्या आसपास घुमतो. कानाने ऐकण्यापेक्षा तो छातीत जाणवतो. म्हणजे दोघांची घरे वेगळी आहेत. खाली यंत्राने जमीन धरली तर वर तारांना मोकळे आकाश मिळते. पण मधल्या पट्टीत गाणाऱ्याचा आवाज असतो, आणि व्हायोला तेथे थोडा जरी जोराने घुसला तरी शब्द बुडतात. कोणी केव्हा गप्प बसावे हे ठरविणे, हेच या कलेतले अर्धे शहाणपण आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे वीज. सभागृहातल्या साध्या व्हायोलिनचा आवाज ड्रम आणि कर्णे यांच्यापुढे टिकत नाही. म्हणून घोडीपाशी स्फटिकाचा एक चिमुकला तुकडा बसवितात. तारेची थरथर घोडीतून त्याच्यावर दाब टाकते, आणि त्या दाबाचे रूपांतर विजेच्या लहरींत होते. एकदा सुराची वीज झाली की, तिला हवे तसे वळविता येते. पायाखालची एक कळ दाबली की सूर विजेच्या गिटारसारखा खरखरीत होतो. दुसरी दाबली की दरीत साद घातल्यासारखे पडसाद उमटतात. एका यंत्राने तर वादकाने नुकतेच वाजविलेले काही क्षणांचे वादन टिपून ते पुन्हा पुन्हा ऐकविता येते. मग त्याच्यावर तोच वादक दुसरा पदर चढवितो, तिसरा चढवितो, आणि एकट्या माणसाचा वाद्यवृंद होतो. हर्कने दोन तबकड्यांनी जे साधले, तेच येथे एका पायाने साधते!

गजाची भाषाही बदलते. गजाच्या मुठीजवळचा भाग तारेवर आपटून खट् असा कोरडा आवाज काढण्याची एक रीत आहे. १९६० नंतरच्या दशकात रिचर्ड ग्रीन या अमेरिकन लोकसंगीतातील वादकाने ती रूढ केली. या रीतीने व्हायोलिन सूर सोडून चक्क ताल देऊ लागते. शास्त्रीय वर्गात असा आवाज निघाला तर शिक्षक कान धरतील. येथे तोच आवाज मुद्दाम साधावा लागतो.

ब्लॅक व्हायोलिनची 'ब्रॅंडेनबर्ग' नावाची एक रचना आहे. तीत बाखच्या मूळ संगीताचा धागा घेऊन त्याखाली हिप-हॉपचा ठेका अंथरला आहे. नीट ऐकणाऱ्याला तेथे एक शोध लागतो. बाखचे ते संगीत मुळातच उसळते, धावते, पावलांना ताल धरावयास लावते. त्याच्या काळच्या कित्येक रचना तर नृत्यांच्याच घाटावर बेतलेल्या होत्या. सभागृहाच्या गंभीर वातावरणात आपण ते विसरून गेलो होतो. खालच्या ड्रमने त्याची नुसती आठवण करून दिली.

तथापि, सर्वांनाच हे पसंत आहे असे नाही. ज्यांनी आयुष्यभर व्हायोलिनच्या शुद्ध नादाची उपासना केली, त्यांना वाटते की, लाकडाच्या पेटीतून निघणारा तो बारीक, जिवंत स्वर विजेच्या कर्ण्यातून आला म्हणजे त्याचे अर्धे सत्त्व निघून जाते. ही तक्रार पोकळ नाही. शिवाय पुष्कळदा असेही होते की, गाणे आधीच पुरे झालेले असते आणि केवळ श्रीमंती दाखविण्यासाठी वरून व्हायोलिनची दोन ओढणी चिकटविलेली असतात. कैरीच्या फोडींवर मसाला टाकला म्हणून काही त्याच दिवशी लोणचे होत नाही. ते मुरावे लागते. हिप-हॉपच्या बाजूनेही शंका घेतली जाते. गरिबांच्या वस्तीत वाढलेल्या या संगीताला मोठेपणा येण्यासाठी युरोपच्या वाद्याची शिफारस कशाला हवी, असे कोणी विचारले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. केव्ह आणि विल यांचे बरे एवढेच की, त्यांना कोणाकडून काही उसने घ्यावे लागले नाही. दोन्ही संगीते त्यांच्या लहानपणातच शेजारी शेजारी मुरत होती.

या वाटेवर ते एकटेच आहेत असे मात्र नव्हे. इस्राएलमध्ये शास्त्रीय शिक्षण घेतलेली मिरी बेन-आरी ही वादक अमेरिकेत येऊन हिप-हॉपच्या कलावंतांबरोबर वाजवू लागली आणि २००५ साली एका रॅप गीताच्या रचनेतील सहभागाबद्दल तिला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. लिंडसे स्टर्लिंग हिने व्हायोलिनला यंत्रसंगीताची आणि नृत्याची जोड दिली. २०१० साली दूरदर्शनवरील एका स्पर्धेत परीक्षकांनी तिला नाकारले. दोन वर्षांनी तिची 'क्रिस्टलाइझ' ही रचना जगभरच्या कोट्यवधी लोकांनी ऐकली.

आणि व्हायोलिनने परक्याच्या घरी जाऊन राहण्याची ही पहिलीच वेळ थोडीच आहे? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बाळुस्वामी दीक्षितर यांनी दक्षिणेत हे इंग्रजांचे वाद्य हाती घेतले. वादक मांडी घालून बसू लागला, वाद्याचे टोक पायावर टेकले गेले, तारा षड्ज-पंचमात मिळविल्या गेल्या, आणि कर्नाटक संगीताला जणू आपलेच वाद्य मिळाले. महाराष्ट्रात गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार यांनी त्याच्यातून ख्याल गाववून दाखविला. गोव्यात चर्चच्या शाळांतून व्हायोलिन शिकलेली मुले मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आली. त्यांतल्या अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ साली मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून त्यात राग आणि पाश्चात्त्य रचनापद्धती यांची सांगड घातली. पुढे प्रसिद्धीस आलेले संगीतकार प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. त्या काळीही नाके मुरडणारे होतेच.

ब्लॅक व्हायोलिनच्या जोडीने २०१३ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या शपथविधीनिमित्त झालेल्या समारंभांत वादन केले. २०१५ साली त्यांची 'स्टिरिओटाइप्स' ही ध्वनिमुद्रिका निघाली. या शब्दाचा अर्थ ठोकळेबाज समजुती. धिप्पाड काळ्या माणसाच्या हातात पेटी पाहून लोकांच्या मनात काय काय येते, आणि पेटीतून व्हायोलिन निघाल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात, हा त्यांच्या नित्याच्या अनुभवाचा विषय तेथे संगीतातून मांडलेला आहे. २०१९ सालच्या 'टेक द स्टेअर्स' या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पारितोषिकासाठी नामांकन मिळाले.

परंतु त्यांचे सर्वांत मन लावून केलेले कार्यक्रम कदाचित दिवसा होतात. रात्रीच्या मोठ्या मैफलीच्या आधी, त्याच गावातल्या शाळांची मुले बसगाड्यांतून नाट्यगृहात आणली जातात. दिवे मंद होतात. ज्यांनी व्हायोलिन जवळून कधी पाहिलेले नाही, अशी कितीतरी मुले त्यांत असतात. केव्ह एखाद्या जुन्या रचनेचे आरंभीचे चार स्वर स्वच्छ, अगदी वर्गात शिकविल्याप्रमाणे काढतो. मागे तबकड्या फिरविणारा वादक उभा असतो, ड्रमवाला काठ्या उचलून वाट पाहत असतो. पोरे चुळबुळ करतात, कुजबुजतात. मग विलचा व्हायोला खालून येऊन मिळतो, ड्रमचा पहिला ठोका पडतो, आणि चुळबुळीची जागा टाळ्यांचा ठेका घेतो. विल गातोही, तारा आणि कंठ दोन्ही त्याला वश आहेत. सॅक्सोफोनच्या वर्गात जावयाचे मात्र त्याचे राहून गेले, ते राहूनच गेले.